तीन नंबरच्या पलंगाचा धागा

पेपर सुटला तेव्हा एक वाजून गेला होता. कॉलेजच्या फाटकाबाहेर आमच्या दवाखान्याची गाडी उभी दिसली आणि गाडीला टेकून गजाननभाऊ. ते आमचे ड्रायव्हर. कुठंही आले की आधी दोनदा हॉर्न वाजवायची त्यांची सवय, पण त्या दिवशी हॉर्न वाजला नव्हता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्राही नव्हता. मी जवळ गेले तर म्हणाले, "पेपर कसा गेला व?" मी म्हटलं, "बरा गेला जी. तुमी इकडं कसे?" त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पॅडकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर गेल्या." कधी, असं विचारलं तर म्हणाले, सकाळी, साडेनऊला. माझा पेपर दहाला सुरू झाला होता. साडेनऊला मी याच फाटकापाशी उभी राहून वहीची शेवटची दोन पानं पुन्हा पुन्हा वाचत होते. मला राग आला. रडू नंतर आलं, आधी राग आला. "मग मले काहून नाही सांगतलं? फोन होता न माह्याकडं!" गजाननभाऊंनी गाडीचं दार उघडलं. "त्याईनंच सांगून ठेवलं होतं. पेपर झाल्याबिगर पोरीले सांगायचं नाही. अन सांगाच्या आधी पेपर कसा गेला ते इचारायचं..." मग म्हणाले, "म्हणून इचारलं."

आमचा दवाखाना लाखांदूरच्या बाहेर, धानाच्या शेतांना, बांध्यांना, लागून आहे. आठ पलंगांचा. जे आजार बरे होणार नाहीत, त्यांची माणसं तिथं येतात. दुखणं कमी करणं, जखम धुणं, तोंड ओलं ठेवणं, शेवटचे दिवस बरे जातील एवढं पाहणं, हेच तिथलं काम. कागदावर त्याला उपशामक सेवा म्हणतात, गावात कॅन्सरवाल्याईचा दवाखाना म्हणतात. कुंदा सिस्टर तिथल्या प्रमुख होत्या. मी तिथं दोन वर्षांपासून मदतनीस आहे, म्हणजे पेशंटला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सोबत बसणं. कॉलेज सांभाळून करते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे आमच्या गावात, दिघोरीत, दारावरून जाणारा प्रत्येक माणूस वडिलांना विचारायचा, पोरगी काय शिकून राहिली? मी ही नोकरी धरली तेव्हा वडील जेवता जेवता म्हणाले होते, "कॉलेज शिकून गू-मूत काढाले चालली." हे मी सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "बाबाले सांग, कॉलेज न शिकलेल्याईनंबी तेच काढलं. पन तुले निवेदन लिहिता येते, त्याईले येत नव्हतं."

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सिस्टरविषयी लिही, असं मला आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. त्या चांगल्या होत्या, प्रेमळ होत्या, असं लिहिता येईल, पण ते पुरतं खरं नाही. माझ्याशी त्या जवळजवळ वर्षभर फार कडक वागल्या. आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याशी खोटं बोलले. मला हे लिहायचं आहे, कारण ते अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

सिस्टर मोहाडीकडच्या कोष्ट्याच्या घरातल्या. त्यांच्या वडिलांचा हातमाग होता, आता भाऊ चालवतो. लग्न केलं नाही, वॉर्डाच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांच्या कपाटात बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात मागावरच्या सुताच्या गुंड्या. लाल, हिरवं आणि पांढरं. नवीन माणूस ड्युटीला आला की त्या पहिल्या दिवशी तो डबा उघडायच्या. पलंगाच्या पायथ्याच्या दांडीला लाल धागा बांधला असेल तर पेशंटला दुखून राहिलं. हिरवा असेल तर कालपासून खाल्लं नाही. आणि पांढरा असेल तर पेशंटला आपला आजार माहीत आहे, आपण बरे होणार नाही हे त्याला कोणीतरी नीट सांगितलेलं आहे, त्याच्याशी मोकळं बोलायला हरकत नाही. हे सगळं बेबीताईंसाठी होतं. बेबीताई आमच्या सगळ्यांत जुन्या आया. त्यांना वाचता येत नाही. ड्युटी बदलताना कोणी फाईल वाचून दाखवली की त्या मान हलवायच्या आणि विसरायच्या. धागा मात्र त्या लांबूनच वाचायच्या.

सिस्टर बेबीताईंना कधी काम सांगायच्या नाहीत. चादरीचं एक टोक स्वतः धरायच्या, मग दुसरं टोक बेबीताई धरायच्या, आणि चादर घडी होता होता जे सांगायचं ते सांगून व्हायचं. गजाननभाऊंना काही सांगितलेलं चालत नाही, विचारलेलं चालतं. "गजाननभाऊ, बपेऱ्याकडं आज जावं का उद्या? तुमी म्हणान तसं." ते दोन मिनिटं खर्रा घोळवत विचार करायचे आणि म्हणायचे, "आजच जाऊ जी." आज जायचं हे सिस्टरनी आधीच ठरवलेलं असायचं. प्रणिता नावाची आमची नर्स आहे, भंडाऱ्याची, हुशार आणि फटकळ. तिच्यासमोर त्या नुसती फाईल ठेवायच्या. "याचं दुखणं काल डोस वाढवूनबी नाही थांबलं. मी आंघोळ करून येतो," म्हणायच्या, आणि तासभर यायच्याच नाहीत. तेवढ्यात प्रणिता डॉक्टरांना फोन करून सगळं मार्गी लावायची आणि वर म्हणायची, "तुमची आंघोळ म्हणजे गंगास्नानच आहे, सिस्टर."

मला सुरुवातीला त्यांनी मोकळं सोडलं होतं. धागे दाखवले, दोन दिवस सोबत फिरवलं आणि म्हणाल्या, "तू समजदार आहेस. जा, बस पेशंटजवळ." मला फार अभिमान वाटला होता. घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या महिन्यात बपेऱ्याहून देवरामजी आले. मध्यप्रदेशच्या सीमेजवळ त्यांचं किराणा दुकान होतं. लिव्हरचा कॅन्सर, पोटात पाणी. त्यांना मात्र वाटायचं की बिघडलेली कावीळ आहे. मुलांनी हात जोडून सांगितलं होतं, बाबांना सांगू नका. सिस्टर म्हणाल्या होत्या, "सांगणार नाही. पन त्याईनं इचारलं तं खोटंबी बोलणार नाही." त्यांची बायको कौसल्याबाई दिवसभर जवळ बसायच्या आणि दोघं दुकानाच्या गप्पा करायचे. कोणतं गिऱ्हाईक उधारी बुडवते, दिवाळीत रांगोळी किती मागवायची... ऐकत राहावंसं वाटायचं. त्या दिवशी सकाळी कौसल्याबाई चहा आणायला गेल्या होत्या आणि मी देवरामजींची दाढी करत होते. पायथ्याच्या दांडीला पांढरा धागा दिसला. आदल्या दिवशी तो नव्हता. मला वाटलं, काल संध्याकाळी सिस्टर त्यांच्याशी बोलल्या असतील. मला वाटलं, आता आपणही काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हटलं, "देवरामजी, कोणाले बोलवायचं असन, भेटायचं असन, तं सांगा जी. अजून वेळ आहे."

ते म्हणाले, "कायचा टाइम, बेटा?"

मी तिथंच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मला वाटलं, ते घाबरले आहेत, त्यांना धीर द्यावा. मी पुढं बोलत गेले... काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. त्यांच्या अर्ध्या गालाला साबण लागलेला होता. तो तसाच राहिला. कौसल्याबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुलेबी मालूम होतं?" बाईंनी कप खाली ठेवले. ते भिंतीकडे तोंड करून वळले.

तो धागा आमचा नव्हता. कौसल्याबाईंनी त्यांच्याकडच्या देवीला नवस बोलून आदल्या संध्याकाळी पलंगाला कच्चं सूत बांधलं होतं, नवरा बरा व्हावा म्हणून. त्या मला म्हणाल्या, "पंधरा दिवस आमी सांभाळलं, बाई. पंधरा दिवस हासून बोललो. अन तुनं एका मिंटात..." देवरामजी त्यानंतर नऊ दिवस होते. प्रणिताशी बोलायचे, गजाननभाऊंशी बोलायचे, मुलांशी एक-दोन शब्द बोलले. माझ्याशीसुद्धा बोलले एकदा, पाणी मागितलं. बायकोशी मात्र बोलले नाहीत. शेवटपर्यंत नाही. सिस्टर रोज त्या दोघांच्या मध्ये जमिनीवर बसायच्या, काहीतरी बोलत राहायच्या, कधी दुकानाचा विषय काढायच्या. कौसल्याबाई उत्तर द्यायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या. ते भिंतीकडेच बघत राहायचे. असंच ते गेले.

मुलं भांडायला आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "चूक माही आहे. पोरगी नवीन आहे. धागा मी दिला तिले." मला त्या काही बोलल्या नाहीत, पूर्ण दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "आजपासून तू धाग्याकडे पायचीच नाही. फाईल वाचायची. मंग माह्याकडं यायचं, कोणत्या पेशंटजवळ जाऊन राहिली, काय करणार, काय बोलणार, सगळं सांगायचं. मी हो म्हटलं का जायचं." बाकीच्यांसाठी एकच नवीन नियम केला. आमचं मागावरचं सूत गुळगुळीत असतं आणि नवसाचं कच्चं सूत खरबरीत. धागा नुसत्या डोळ्यानं वाचायचा नाही, आधी अंगठा आणि बोटाच्या मध्ये फिरवून पाहायचा. त्या स्वतः तसंच करायच्या. पलंगाजवळून जाताना त्यांचा हात आपोआप दांडीकडे जायचा. त्या म्हणायच्या, "माहे डोळे बांधा, तरी सांगन कोणतं सूत आहे ते. बापानं भाकरीच्या आधी सूत हातात देल्लं होतं."

मी रोज सांगत राहिले. "चार नंबरच्या आजीले पुसून देतो. बोलणार काही नाही." "जा." "सहा नंबरवाले भाऊ घरी जायचं म्हणून राहिले." "तू काय म्हणशीन?" मी सांगायची. "नाही. असं म्हण..." आणि त्या प्रत्येक शब्द सांगायच्या. काही पेशंट विचारतात, बाई, माहे किती दिवस राहिले? तेव्हा आपण आकडा सांगायचा नाही, घाबरून विषयही बदलायचा नाही. आधी विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" म्हणजे माणूस स्वतःच सांगतो की त्याला किती माहीत आहे आणि किती माहीत करून घ्यायचं आहे. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून आरशासमोर म्हणून घेतलं होतं. बेबीताई बाजूला बसून तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पोरगी लगनाची बोलणी करून राहिली का काय?"

असे महिने गेले. मला लाज वाटायची. प्रणिताला कोणी काही विचारत नाही, बेबीताईंना तर नाहीच, आणि मी मात्र शाळेतल्या पोरीसारखी दारात उभी. एकदा मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, सगळ्याईले सारखं वागवा न जी. चूक झाली माही. पन किती दिवस?" त्या औषधाच्या पुड्या मोजत होत्या. मोजणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "आठही पेशंटले एकच डोस देऊ का?" मग पुड्या बाजूला ठेवून त्या हळू बोलल्या. "तुले शिक्षा नाही देऊन राहिली मी. पाय, बेबीले वाचता येत नाही म्हणून धागा केला. तुले वाचता येते. तुह्या हातात फाईल द्यायची सोडून मी तुले बेबीचा धागा देल्ला. अन प्रणितासारखं मोकळं सोडलं. दोन बायाईचं माप घेतलं अन तिसरीचा ब्लाऊज शिवला. चूक तुही नव्हतीच व. माही होती. देवरामचं तोंड मले दिसते रोज." त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला. नोकरी सोडायची म्हणून मी ठरवून गेले होते. सोडली नाही. नंतर कधीतरी एका सकाळी त्या म्हणाल्या, "आज जायच्या आधी मले सांगू नको. संध्याकाळी सांग." मग काही आठवड्यांनी, "आठवड्यानं सांग." आणि एक दिवस माझ्या हातात तो डबा देऊन म्हणाल्या, "याच्यावर चिठ्ठ्या लिहून लाव. कोणतं सूत कायसाठी ते. माहं अक्षर तं देवालेबी वाचता येत नाही." मी प्रत्येक गुंडीला चिठ्ठी बांधली. तेव्हापासून डबा माझ्याकडे.

या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचं वजन उतरायला लागलं. धानाची कापणी सुरू होती तेव्हा त्या नागपूरला जाऊन तपासणी करून आल्या. गाडीतून उतरल्या आणि आम्ही काही विचारायच्या आधी म्हणाल्या, "स्वादुपिंड. पसरलेला आहे. चहा ठेवा." भावाने घरी चला म्हणून फार विनवलं, पण त्या आल्या नाहीत. पंधरा दिवस त्यांनी काम केलं, नंतर खुर्चीत बसून केलं, नंतर तीन नंबरच्या पलंगावरून केलं. ड्युटी बदलताना आम्ही पलंगाभोवती उभे राहायचो. एकदा त्यांनी गजाननभाऊंना विचारलं, "गजाननभाऊ, एक चक्कर मारून यावं का तलावाकडं? तुमी म्हणान तसं." गजाननभाऊ पहिल्यांदा विचार न करता "हो जी" म्हणाले. आम्ही सिस्टरना उचलून गाडीत ठेवलं. कापलेल्या बांध्यांमधून गजाननभाऊंनी इतकी हळू गाडी नेली की मागून येणारे सायकलवाले पुढं निघून गेले. तलावाच्या पाळीवर दहा मिनिटं थांबून परत आलो. येताना सिस्टर म्हणाल्या, "गाडी काय बैलाची आहे का?" गजाननभाऊ म्हणाले, "आज बैलाचीच समजा."

मग बोलणं कमी झालं. एका दुपारी मी त्यांचं तोंड ओल्या कापसानं पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "किती दिवस वाटून राहिले तुले?"

मला माहीत होतं. पायाला सूज चढली होती, लघवी कमी झाली होती, अशी माणसं मी पाहिलेली होती. आठवडा. कदाचित तेवढाही नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांना आकडा नको होता. मला आता वाटतं, त्यांना फक्त कोणीतरी आपल्याशी खरं बोलावं असं वाटत होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं... "तुम्हाला काय वाटतं, सिस्टर?"

अगदी तसंच, आरशासमोर घोकलेलं. आमच्या बोलीत नाही, पुस्तकी मराठीत.

त्यांनी मनगट सोडलं. डोळे मिटले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "माह्यावर नको वापरू व ते." बऱ्याच वेळानं डोळे न उघडताच म्हणाल्या, "अन माह्या पलंगाले पांढरा धागा काहून नाही बांधला कोणी? मले माहीत नाही असं वाटते का तुमाले?" मी म्हटलं, "आणतो," आणि उठले. कपाटातून डबा काढला. पांढरी गुंडी हातात घेतली. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी तिला बांधलेली होती, "पेशंटला माहीत आहे". मी किती वेळ तिथं उभी होते, सांगता येत नाही. गुंडी परत ठेवली आणि प्रणिताकडे गेले. "तू बांध. मले नाही होत." एवढी फटकळ प्रणिता, ती सिरिंज धूत राहिली आणि म्हणाली, "मलेबी नाही होत." गजाननभाऊंना विचारायला गेले तर मला पाहूनच ते गाडीच्या खाली शिरले. किती अनोळखी माणसांच्या पलंगांना आम्ही तो धागा बांधला होता. तो बांधणं म्हणजे एक काम असतं, पाच सेकंदांचं. मी त्या दुपारी परत त्यांच्याजवळ गेलेच नाही. कूस बदलायला बेबीताईंना पाठवलं.

दोन दिवसांनी सकाळी गेले तर तीन नंबरच्या पायथ्याला पांढरा धागा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. प्रणितानं बांधला असेल, असं मी धरून चालले. सिस्टर त्या दिवशी थोड्या शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "मले थोडं खाली सरकव. पायाकडं." कशाला, ते कळलं नाही. मी आणि बेबीताईंनी त्यांना आडवं फिरवल्यासारखं केलं तेव्हा त्यांचा हात दांडीपर्यंत पोचला. धागा सापडला. अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून त्या तो फिरवत राहिल्या, बराच वेळ. बेबीताई चादर नीट करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच बांधला न?"

मी म्हटलं, "हो."

त्या म्हणाल्या, "शिकली माही पोरगी." आणि हात सोडून दिला. मग विचारलं, "परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं, परवा. "मंग घरी जा. अभ्यास कर. इथीसा नको थांबू." मला तिथून निघायचंच होतं. मी निघाले. त्यांच्याशी माझं ते शेवटचं बोलणं, आणि त्यात माझा एक शब्द, तो खोटा.

त्या दिवशी कॉलेजमधून गाडीनं पोचले तेव्हा मोहाडीहून त्यांचा भाऊ आलेला होता. बेबीताईंनी सिस्टरना आंघोळ घालून, नेसवून ठेवलं होतं. सगळं झालं, सगळी गेली, आणि दुसऱ्या दिवशी पलंग धुवायला काढला तेव्हा मी पायथ्याशी बसले, धागा सोडायला. गाठ घट्ट होती. नखानं ओढता ओढता बोटांना ते जाणवलं. सूत खरबरीत होतं. मागावरचं नव्हतं. कच्चं सूत, पूजेचं, नवसाचं. मी बेबीताईंकडे पाहिलं. त्या बादलीपाशी उभ्या होत्या. "बेबीताई, हा तुमी...?" त्यांनी फडकं पिळलं. "हव. म्याच बांधला. आमच्या देवीले बोललो होतो." मी म्हटलं, "तुमाले माहीत नव्हतं का, इथं येऊन कोणी बरं होत नाही?" इतकी वर्षं तिथं काढलेल्या बाईला मी हे विचारलं. त्या चिडल्या. "मले नको शिकवू. माहीत होतं म्हणून तं बांधला. माहीत नसतं तं कायले बांधला असता?"

मी तशीच खाली बसून राहिले. सिस्टरनी तो धागा बोटांत फिरवला होता. मी पाहिलं होतं. डोळे बांधले तरी सूत ओळखणारी ती बाई. त्यांना कळलं नसेल, असं होऊ शकत नाही. हा बेबीचा नवस आहे, पोरीनं काहीच बांधलेलं नाही, पोरीला ते जमलेलं नाही, हे हातात धरून त्यांनी मला विचारलं, तूच बांधला न? मी हो म्हटलं, ते खोटं आहे हेही त्यांना माहीत होतं. आणि त्या म्हणाल्या, शिकली माही पोरगी.

त्यांनी असं का केलं, यावर मी खूप विचार केला. परीक्षा तोंडावर होती म्हणून असेल. दोन दिवस मी तोंड चुकवत होते, ते ओझं घेऊन मी पेपरला बसू नये म्हणून असेल. माझ्या जागी प्रणिता असती तर कदाचित त्या तिच्याशी अशा वागल्या नसत्या, सरळ म्हणाल्या असत्या, हा नवसाचा आहे, जा, दुसरा आण. मला काय झेपेल ते त्यांनी शेवटीही मोजून पाहिलं असेल. पण कधी कधी वाटतं, तसं काहीच नसेल. त्यांना खरंच कोणीतरी तो धागा बांधायला हवा होता, कोणी बांधला नाही, म्हणून त्यांनी तो मीच बांधला आहे असं धरून घेतलं. हे दुसरं खरं असेल तर... मला पुढं विचार करवत नाही. त्यांना एकदा खरं ऐकायचं होतं आणि आमच्या चौघांपैकी कोणीही ते बोललं नाही. वर्षानुवर्षं त्यांनी प्रत्येकाशी कसं वागायचं ते शोधून काढलं होतं. त्यांच्याशी कसं वागायचं, ते आम्ही कोणीच शोधलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

आता प्रणिता प्रमुख आहे. तिनं भिंतीवर नियमांचा कागद लावला आहे, सगळ्यांना एकच. ती वाईट वागत नाही, तिला वेळ नाही. कागदाखालून जाताना बेबीताई त्याच्याकडे बघून मान हलवतात. मागच्या आठवड्यात मी चादरीचं एक टोक धरलं आणि आज कोणाला काय झालं ते त्यांना हळूहळू सांगितलं. त्यांनी दुसरं टोक धरलं.

नवस पूर्ण झाला नाही की धागा पाण्यात सोडावा लागतो, असं बेबीताई म्हणतात. तलावाकडे जाताना घेऊन जा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी अजून नेलेला नाही. तो बिस्किटाच्या डब्यात आहे, कागदाच्या पुडीत, बाकीच्या गुंड्यांच्या बाजूला. त्या सगळ्यांना माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. या पुडीवर लिहायला मी एकदा पेनही उघडलं होतं, पण काय लिहायचं ते ठरेना. पुडी कोरीच आहे.